नोटीस जिची, तिच्याच हातात

आदरणीय विमलबाई गजभिये यांच्या साठाव्या वर्षाचा गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात तहसीलदार साहेब लिहिणार, मुख्याध्यापक लिहिणार, दोन वकीलही लिहिणार, हे समितीनं सांगितलं तेव्हा मी हात जोडले. म्हणालो, "मी निवृत्त कोतवाल. तलाठ्याच्या हाताखाली दवंड्या दिल्या, नोटिसा वाटल्या. मी काय लिहिणार जी?" ते म्हणाले, तुमचं नाव बाईंनीच सांगितलं आहे.  नोकरीभर बाईंचा शब्द टाळता आला नाही, तो आता कुठून टाळणार. तेव्हा लिहितो. चुकलंमाकलं मुख्याध्यापकांनी सुधारावं, पण जे लिहिलं आहे ते काढू नये.

बाईंची माझी पहिली ओळख तशी चांगली झाली नाही. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. अर्धे कर्मचारी तिकडे गेले, अर्धे इकडे राहिले, आणि मोहाडी तालुक्यातला आमचा साझा, म्हणजे एका तलाठ्याकडची गावं, बरेच महिने तलाठ्याविना होता. एका सकाळी नव्या तलाठी म्हणून एसटीतून बाई उतरल्या. काखेत छत्री, हातात जेवणाचा डबा. चावडीच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "कोतवाल कोण?" मी पुढं झालो. म्हणाल्या, "दप्तराची किल्ली द्या. आणि पडून असलेले सगळे फेरफार काढून ठेवा." बसाही म्हटलं नाही, पाणीही मागितलं नाही. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, बाईमाणूस आहे, आठ दिवस कडक वागेल, मग आपणच काम चालवू.

सातबाऱ्यावरची नावं बदलायच्या, पडून असलेल्या त्या फेरफारांत एक माझ्याच घरचा होता. माझे वडील वारले होते, आई आधीच गेलेली. वडिलांच्या नावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, होत्या आणि वारस आम्ही चौघं : मी आणि माझ्या तीन बहिणी. तिघी लग्न होऊन गेलेल्या. मी तिघींचे जबाब कागदावर लिहिले, की आम्हाला हिस्सा नको, भावाचंच नाव लागावं. खाली तीन अंगठे. मला वाटलं होतं, बाई कागद मोजतील आणि शिक्का मारतील.

बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग मला बोलावून शांतपणे विचारलं, "शेंडे, तुमच्या तिन्ही बहिणींना इळा एकाच अंगठ्याला, एकाच जागी लागला का?"

तिन्ही अंगठ्यांच्या मधोमध एक आडवी रेघ उमटली होती. धान कापताना इळा लागला होता तो माझ्या घरधनिणीला, कमलाला. तिघींचे अंगठे तिनंच लावले होते, मी लाव म्हटलं म्हणून. खरं सांगतो, मला त्यात काही पाप वाटलं नव्हतं. आमच्याकडे ही रीतच होती. बहीण दूर दिलेली असे, भाऊ म्हणे, एवढ्यासाठी तिला कशाला बोलवायचं, गाडीभाडं कशाला, तिचं उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. नोटीस बहिणीच्या नावाची निघायची आणि मी ती भावाच्या हातात द्यायचो. भाऊ सही करायचा, "बहिणीकरिता". किती घरांत मी असं केलं ते मी मोजलेलं नाही, मोजायची हिंमतही नाही. सरतेशेवटी माझ्या घरी तेच केलं.

घरी येऊन कमलावर चिडलो. ती म्हणाली, "तुमी म्हनले म्हून म्या लावला. मले काय मालूम, कायचा कागद हाय. आता माह्यावर काहून तापता?" 

दुसऱ्या दिवशी चावडीवर गेलो ते नोकरी गेली असं समजूनच. बाईंनी ते कागद फाडले नाहीत, वरही पाठवले नाहीत. म्हणाल्या, "वर लिहिलं तर तुमचं कोतवालपण जाईल आणि तरीही तुमच्या बहिणींना काहीच मिळणार नाही. रविवारी सुट्टी आहे. धाकट्या बहिणीकडे जाऊ. मी पण येते." मी म्हणालो, "बाई, ते गाव आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं." बाई म्हणाल्या, "जिल्हा दुसरा झाला. बहीण दुसऱ्याची झाली काय?"

माझी धाकटी बहीण यशोदा. नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि यशोदा आपल्या लहान पोरीला, अर्चनाला घेऊन सासरच्या गोठ्यालगतच्या खोलीत राहत होती. दुसऱ्याच्या शेतात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, आणि निंदणाला जायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दिवाळीला आली की सांगायची. मी लुगडं द्यायचो, धान द्यायचो आणि मोठा भाऊ असल्यासारखं वाटून घ्यायचो. तिचा हिस्सा दडपून बसलो होतो आणि वर दानाचा आव. आज लिहितानाही लाज वाटते.

बसमध्ये बाईंनी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. माझंही काढलं. गावात पोचल्यावर मला पाराशी बसवलं आणि म्हणाल्या, "मी बोलावल्याशिवाय यायचं नाही." त्या एकट्याच यशोदेकडे गेल्या. ही बाईंची कामाची पद्धत. पुढं मी ती शेकडो घरांत पाहिली. हक्क सोडायचा की घ्यायचा, हे विचारताना भाऊ समोर नको, बाप नको, सासराही नको. बाई त्या घरच्या बाईबरोबर विहिरीवर जायच्या, नाहीतर भाजी निवडायला बसायच्या. आणि त्यांचा प्रश्नही वेगळाच असायचा. "हिस्सा पाहिजे का?" असं त्या कधीच विचारत नसत. ते विचारलं की बायका मान हलवून नाही म्हणतात, माहेर तुटेल या धाकानं. बाई विचारायच्या, "यातली कोणती बांधी तुम्हाला आवडते?" बापाच्या बांध्यांत लहानपणापासून चिखल तुडवलेल्या पोरी. एकेक बांधी त्यांना तोंडपाठ असते. पुरुषाला गट नंबर सांगता येतो, पण कोणत्या बांधीत पाणी धरतं, कुठं खेकडे निघतात, कुठं धानाच्या रोपांचा पऱ्हा आधी हिरवा होतो, ते बाईलाच माहीत.

तासाभरानं बाईंनी हाक मारली. यशोदा दारात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, मले मोहाची बांधी पायजे."

मोहाच्या झाडाखालची ती बांधी आमच्या शेतातली सगळ्यात चांगली.  बाईंनी पिशवीतून कागद काढला, यशोदेला वाचून दाखवला, दोनदा वाचला, आणि मग तिचा अंगठा घेतला. परत येताना बसमध्ये मी मनातून फणफणत होतो.  मोहाडीला उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "उरलेल्या दोघींकडे पण जायचं आहे. पुढचा रविवार."

दोघी थोरल्या बहिणींनी हिस्सा सोडला. त्यांच्या घरी बरं होतं, त्यांनी मनापासून सोडला आणि नोंदणी कार्यालयात येऊन स्वतः सही-अंगठा केला. बाईंनी त्यांना एका शब्दानं आडकाठी केली नाही. बाईंबद्दल एक खोटं पसरवलेलं आहे, की त्या बहिणींना चिथावतात. मोहाडीत त्यांच्या विरुद्ध तक्रार-अर्ज गेला होता, घरं फोडते म्हणून. तहसीलदार साहेबांनी विचारलं तेव्हा मी समोर होतो. बाई म्हणाल्या, "साहेब, तिला नको असेल तर नको. पण नको म्हणायला ती स्वतः पाहिजे." साहेबांनी अर्ज दप्तरी दाखल करून टाकला.

यशोदेचं नाव सातबाऱ्यावर चढलं आणि ती पोरीसह गावी आली, आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहू लागली. आता झालं, असं मला वाटलं. नाव तिचं, पण नांगर माझा, पेरणी माझी, धान विकायचो मी, आणि तिच्या वाट्याचे धानाचे कट्टे मी तिच्या दारात टाकायचो. बाई पीक पाहणीला आल्या. बांधावर उभ्या राहून विचारलं, "ही बांधी कोण करतो?" मी छाती काढून म्हणालो, "मीच करून राहिलो जी, तिची पण मीच." बाईंनी यशोदेकडे पाहिलं. ती खाली बघत होती. बाई म्हणाल्या, "म्हणजे कागद तिचा आणि शेत तुमचंच." त्याच महिन्यात तहसीलात यशोदेचा वाटपाचा अर्ज लागला, पुढं मोजणी झाली आणि मोहाच्या बांधीचा सातबारा वेगळा झाला. त्या साली रोवण्याची पहिली मूठ यशोदेनं स्वतः लावली. मी बैल दिले, पण भाड्यानं. कमला मला म्हणाली, "बहिनीकडून भाडं घेता?" आणि तिनंच ते भाडं परत नेऊन दिलं.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगतो. ती सांगितली नाही तर या लेखाला अर्थ नाही. तलावाचं पाणी पाटानं आधी माझ्या वरच्या बांधीत येतं आणि तिथून बांध फोडला की खाली मोहाच्या बांधीत उतरतं. वाटप झाल्यानंतरच्या दुसऱ्या साली ऐन धानाच्या लोंब्या निसवण्याच्या वेळी पावसानं दडी मारली. तलावातही पाणी बेताचं. मी माझ्या बांध्या भरून घेतल्या आणि बांध फोडला नाही. आज उद्या म्हणत राहिलो. यशोदा रोज सकाळी येऊन बांधावर बसायची. मागायची नाही, भांडायची नाही. तिचं धान खालून पिवळं पडत चाललं होतं. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला वाटत होतं, बघ आता, नाव घेतलंस ना, आता पाणी पण कागदावरून आण.

बाई तेव्हा बदलून मोहाडीला गेल्या होत्या. कोणी कळवलं कोण जाणे. बहुधा कमलानंच. दुपारच्या बसनं आल्या, चपला हातात घेतल्या आणि ऑफिसच्या लुगड्यानिशी चिखल तुडवत बांधापर्यंत आल्या. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या नाहीत. यशोदेजवळ बांधावर बसल्या, पिशवीतून कोरा कागद काढला आणि मला म्हणाल्या, "महादेवभाऊ, तुमचा बांध फोडायचा मला अधिकार नाही. हा साझा पण आता माझा नाही. यशोदाबाईंना तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो मी इथं बसून लिहिते. निकाल लागेपर्यंत धान जाईल, तेही खरं आहे." मग यशोदेला विचारलं, "लिहू का?"

मला पक्कं वाटलं होतं, ती नाही म्हणेल. सख्ख्या भावावर अर्ज कोण देतं? मोठ्या दोघी असत्या तर रडल्या असत्या. यशोदेनं एकदा धानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "लिवा."

तो शब्द माझ्या कानात अजून आहे. मला राग आला, फार राग आला. आणि त्या रागातच कळलं, की आजवर ही मला कधी उलट बोलली नव्हती. मी तिला गरीब समजत होतो, ती फक्त गप्प होती. बाईंनी पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहायला घेतली. मी फावडं उचललं आणि बांध फोडला. पाणी खाली जाताना यशोदा उठली, पदर खोचला आणि पाण्याच्या पुढं पुढं चालत गेली, कुठं अडतं का बघायला. बाईंनी कागदाची घडी केली आणि परत येऊन बसलेल्या यशोदेच्या हातात दिली. म्हणाल्या, "ठेवा. दर साली लागेल." आणि हसल्या. मी हसलो नाही. मला हसायला दोन महिने लागले. भाऊबीजेला यशोदा ताट घेऊन आली आणि मी पाटावर बसलो. आम्ही दोघंही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. कमला मात्र बोलली, भरपूर बोलली.

तेव्हापासून पाण्याचं ठरलं आहे. एक दिवस वर, एक दिवस खाली. मला बांध बुजवायचा असला तर आधी यशोदेला विचारावं लागतं. कधी ती हो म्हणते, कधी म्हणते, "थांब दादा, अजून पाह्यलं नाही म्या."

पुढं बाई मंडळ अधिकारी म्हणून आमच्याकडेच परत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत राहिल्या. त्या दिवसांत मी त्यांच्या सांगण्यावरून जे केलं, त्याचा मला अभिमान आहे. नोटीस जिची, तिच्याच हातात. सायकलनं, बसनं, कधी नदीपलीकडे डोंग्यातून. तिला वाचून दाखवायची, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं येऊन सांगायचं. नाकाडोंगरीकडे जंगलातल्या गावी एका म्हातारीनं नोटीस हातात घेतली आणि म्हणाली, "माह्या नावानं सरकारचा कागद? पयलाच हाय बावा." तिला हिस्सा नको होता, पण तिनं तो कागद मात्र ठेवून घेतला.

सगळंच जमलं असं नाही. नावं चढली आणि नवऱ्यांनी विकायला लावली, असंही झालं.  एकदा एका बाईनं बांधी विकल्याचा कागद समोर आला. बाईंनी तो तपासला, बरोबर होता, नोंद घेतली. मग डबा न उघडताच घरी गेल्या. कोणाच्या घरचं जेवण त्यांनी कधी घेतलं नाही, आमच्याकडे एवढ्या वेळा येऊनही नाही. चहा तेवढा घेतात, तोही बिनसाखरेचा. माझी बायको आजारी पडली तेव्हा मात्र भंडाऱ्याच्या दवाखान्यात रोज संध्याकाळी त्याच डब्यातून कमलासाठी पेज आणत होत्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही आमचं खात नाही, आम्ही तुमचं कसं खायचं?" म्हणाल्या, "तुमचे फेरफार माझ्या टेबलावर येतात, माझे तुमच्याकडे येत नाहीत."

निरोप समारंभाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "बाई, तुमच्या बापाच्या शेतातला हिस्सा तुम्ही घेतला की सोडला?" त्यांनी सहज सांगितलं, "आमच्या बापाला शेत नव्हतं, महादेवभाऊ. धम्मदीक्षा घेतली, आम्हाला शाळेत घातलं, तेवढंच त्यांच्याकडे होतं. माझी आई साकोलीकडे जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा करत राहिली. मतदार यादी सोडून तिचं नाव कुठंच नव्हतं." 

हा लेख लिहायला बसलो तेव्हा यशोदेला विचारलं, बाईंना तुझ्याकडून काय लिहू? ती धान पाखडत होती. म्हणाली, "लिव, बाईले लय वर्सं जगाचं हाय. माह्या अर्चनाचं नाव बांधीवर चढन, तवा बाई समोर पायजेत." मी लिहून घेतलं. तेवढ्यात तिनं सूप थांबवलं. "अना दादा, तुह्या सुनंदाचं?"

सुनंदा माझी मुलगी, साकोलीला दिली आहे. मुलगा घरी आहे, शेत करतो. दुसऱ्यांच्या लेकींना नोटिसा वाचून दाखवण्यात माझी सायकल झिजली, पण माझ्या लेकीला मी काही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं, असं म्हणालो असतो तर बाईंनी चष्मा पुसला असता. दुसऱ्या दिवशी साकोलीची बस धरली. जावयांना पाराकडे पाठवलं आणि लेकीला विचारलं.  ती म्हणाली, "बाबा, दादाले सांगतलं का तुमी?" मी म्हणालो, "नाही. आधी तुले विचारून राहिलो." ती रडली आणि मग तिनं बांधीचं नाव सांगितलं.

पोराला सांगितलं आहे. तो फणफणून राहिला आहे. जसा मी त्या बसमध्ये होतो, तसाच. हा ग्रंथ निघाल्यानंतरच्या रविवारी वाटपाचं ठरवायला आम्ही सगळे घरी बसणार आहोत : मी, कमला, पोरगा आणि सुनंदा. पूज्य विमलबाईंना उदंड आयुष्य आणि चांगलं आरोग्य लाभावं असं या ग्रंथात सगळेच लिहितील, आणि मनापासून लिहितील. मी स्वार्थानं लिहितो. बाई, तब्येत सांभाळा, गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या, आणि त्या दिवशी सकाळच्या बसनं या. अधिकार नसला तरी या. आणि या वेळी आमच्या घरी जेवून जा.